रंगारणीचा चेहरा निळा होता

मुलांनो, वाचायला लागण्याआधी एक काम करा. तुम्ही शाळेच्या मोठ्या खोलीत सतरंजीवर बसला आहात असं समजा. शनिवारची सकाळ आहे, दप्तर आणायचं नाही असा दिवस. खिडक्यांना बारदान ठोकून अंधार केला आहे आणि बारदानाच्या भोकांतून उन्हाचे ठिपके पुढच्यांच्या डोक्यांवर पडले आहेत. समोर पांढरा पडदा. पडद्याशेजारी तुमचे चित्रकलेचे सर उभे आहेत आणि गेली वीस मिनिटं ते सांगताहेत, की आता जो चिनी तलवारबाजीचा सिनेमा लागणार आहे त्यात कुठे कुठला रंग येईल आणि त्या रंगाचा अर्थ काय. तुम्ही ते खरं मानलं आहे, कारण सरांना हा सिनेमा तोंडपाठ आहे, हे तुमच्या मोठ्या भावाला आणि कदाचित वडिलांनाही ठाऊक आहे. मग सिनेमा सुरू होतो, आणि सरांनी सांगितलेला एकही रंग पडद्यावर येत नाही. आता तुम्ही कुठे बघाल? पडद्याकडे, की सरांकडे?

देऊळगाव राजाच्या त्या शाळेतल्या एकशे दहा मुलांनी सरांकडे बघितलं.

गोकुळ सरांना ते बघणं आधी मानेवर जाणवलं. पडद्यावर मातकट पिवळ्या पाण्याची रुंद नदी होती आणि तिच्या काठानं एक बाई चालत होती, पायापासून डोक्यापर्यंत पांढरी. दुधासारखी नाही, वाळत घातलेल्या अंबाडीच्या धाग्यांसारखी, जाडीभरडी पांढरी. तिचा चेहरा माणसाच्या चेहऱ्याच्या रंगाचा होता. सरांनी आत्ताच सांगितलं होतं, की रंगारणीचा चेहरा निळा असेल, छाती गुलाबी असेल आणि पावलं हिरवी असतील, कारण दिग्दर्शकानं जगाचे आडवे तीन थर केलेत. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, निळी कुठाय?" दोघंतिघं हसले. हसणं सहन झालं असतं, पोरं खडू मोडला तरी हसतात. पण शेवटच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या योगिनी मॅडमनी "शूऽऽ" केलं, आणि ती शू त्यांना कानफटात बसल्यासारखी लागली. आपल्याला आता कुणीतरी सांभाळून घेतं आहे. बत्तीस वर्षांची नोकरी झाली, या गावात निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या, आणि इतिहास शिकवायला दोन वर्षांपूर्वी आलेली ही एकोणतीस वर्षांची पोरगी त्यांच्यासाठी पोरांना गप्प करत होती. बाहेर निघून जावं तर दार उघडताना उजेड आत येईल आणि सगळी पुन्हा बघतील. म्हणून ते तिथेच, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दोन तासांना दहा मिनिटं कमी.

मुलींच्या तिसऱ्या रांगेत त्यांची मुलगी समता होती. सातवीतली. ती सोडून सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं होतं. ती एकटी पडद्याकडे बघत होती, आणि तिची मान इतकी ताठ होती की ती मुद्दामच वळत नाही हे त्यांना अंधारातही कळत होतं. उद्या रविवारी तिला बुलढाण्याला जायचं होतं, वक्तृत्वाच्या जिल्ह्याच्या फेरीला. विषय होता 'मला भावलेला चित्रपट'. तालुक्याला तिनं पहिला नंबर काढला होता तो याच सिनेमावर, वडिलांनी लिहून दिलेल्या भाषणावर, न बघितलेल्या सिनेमावर. सिनेमा तेव्हा मिळतच नव्हता. सरांना त्याचं फक्त हिंदी नाव माहीत होतं, 'रंगरेजन की तलवार', आणि त्या नावानं कुठेही काही सापडत नव्हतं. समताचं भाषण ऐकून योगिनी मॅडमनी गोष्टीवरून शोध लावला. मूळ चिनी नाव काढलं, धुऊनपुसून नवी केलेली प्रत मिळवली आणि गुरुवारी शिक्षकांच्या खोलीत लहान मुलीसारख्या उड्या मारत आल्या. "सर, तुमचा सिनेमा सापडला!" एकदा आधी बघून घ्या, म्हणाल्या. सर म्हणाले, मले पाठ आहे.

पाठ होताच. एकोणीसशे चौऱ्याऐंशी, वडनेर भोलजी, गणपतीचे दिवस, सोसायटीच्या गोदामात भर दुपारी दारं लावून घेतलेली. खताच्या पोत्यांचा डोळ्यांना झोंबणारा वास. मंडळानं नांदुऱ्याहून टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता आणि त्या मंडळाचे चिटणीस म्हणजे गोकुळचे वडील, उकंडराव. बारा वर्षांचा गोकुळ सगळ्यात मागे, पोत्यांच्या थप्पीवर. इतक्या लांबून तो टीव्ही पाटीएवढा दिसत होता, पण त्या पाटीत जे होतं ते त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं. रंग. काळे झेंडे घेऊन एक राजा एकेक राज्य गिळत येतो. हुकूम काढतो, यापुढे कापड काळंच रंगवायचं. नदीकाठचा एक रंगारी नाही म्हणतो, आणि शिपाई त्याला त्याच्याच हौदात बुडवून मारतात. त्याची बायको तलवार शिकते. आणि ती बाई जमिनीवर उभी असली की तिचं तोंड निळं, धड गुलाबी, पाय हिरवे. तिनं उडी घेतली, त्या सिनेमात माणसं झाडांच्या शेंड्यांपर्यंत उडतात, की ती पायांपर्यंत निळी होत जायची, सगळी निळी. मार खाऊन कोसळली की सगळी हिरवी. राजा उंच आसनावर, म्हणून कायम निळा. बुडवलेला रंगारी खाली, म्हणून हिरवा. कुणीही गोकुळला समजावलं नव्हतं. त्याला ते पोटात समजलं होतं. वर ज्याला हात लावता येत नाही ते, मध्ये दुखणारं शरीर, खाली माती. माणूस दिवसभर या तिन्हींमधून वरखाली होत असतो. घरी येऊन त्यानं कोळशानं, विटेच्या तुकड्यानं आणि हिरवा पाला चोळून न्हाणीच्या भिंतीवर ती बाई काढली, निळ्यासाठी आईची नीळ चोरली, आईचा मार खाल्ला. तिथून पुढे चित्रकलेच्या परीक्षा, अमरावतीची दोन वर्षं, ही नोकरी, हे घर, सगळं त्या दुपारीतून निघालं होतं. आता पडद्यावरची ही पांढरी बाई कोण होती?

योगिनी मॅडम मधेमधे सिनेमा थांबवत होत्या. दर वेळी थांबल्यावर सरांना वाटे, आता ही माझं नाव घेणार. ती घेत नव्हती, आणि त्याचाही त्यांना राग येत होता. "आपल्याकडे नवरी हळदीची पिवळी," ती म्हणाली, तिच्या त्या घासूनपुसून ठेवलेल्या पुणेरी बोलण्यात, "तिथं नवरी लाल. मग पांढरं कोण नेसतं?" एक पोरगा म्हणाला, "मयताचे लोक. आपल्यात बी मयतावर पांढरंच टाकत्यात." "बरोबर. पण नीट बघ. हे पांढरं रंगवलेलं नाहीये. सुतकाचं कापड तिथं रंगवतच नाहीत, अंबाडीसारखं जसं निघालं तसं घालतात. आता सांगा, रंगाऱ्याच्या घरात माणूस गेलं, तर त्याची बायको काय करील?" मग एक मुलगी हळू म्हणाली, "रंगवणं बंद करील."

सर भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढे आले. बत्तीस वर्षांत त्यांच्या कुठल्या वर्गात असं उत्तर आलं नव्हतं. ते आलं याचा आनंद त्यांच्यातल्या मास्तराला झाला, आणि ते योगिनी मॅडमना मिळालं म्हणून त्याच क्षणी ती बाई त्यांना नकोशी झाली. पुढे ती राजाच्या काळ्या रंगाबद्दल बोलली. त्या जुन्या काळी तिथं असं मानत, की प्रत्येक राजघराणं एकेका तत्त्वावर चालतं. आधीच्यांचं अग्नी, म्हणून त्यांचा रंग लाल. हा राजा म्हणाला, माझं पाणी, माझा रंग काळा, कारण पाणी आग विझवतं. "मॅडम, पाणी काळं कसं?" "आमच्या विहिरीत वाकून बघ, चाळीस हातांवर कसं दिसतं ते," एका पोरानंच परस्पर उत्तर दिलं आणि सगळी हसली. हे हसणं वेगळं होतं. पोरं पुढे सरकून बसली होती. शेवटी दरबारात काळ्याशिवाय प्रवेश नाही म्हणून रंगारीण आपलं पांढरं सुतक नवऱ्याला बुडवलेल्या हौदात स्वतःच्या हातानं काळं करते, पहारेकऱ्यांच्या तलवारींनी ते काळं फाटत जातं, आणि आत लाल, लग्नातलं. आसनापासून दोन पावलांवर ती पडते, आणि काळ्या फरशीवर ते लाल पसरतं. सरांच्या सिनेमात ती इथं हिरवी झाली होती. 'मातीनं तिला परत घेतलं,' असं त्यांनी समताच्या भाषणात लिहिलं होतं आणि ते वाक्य म्हणताना तिला डावा हात खाली न्यायला शिकवलं होतं. बारदान काढलं तेव्हा एवढा उजेड आत आला की काही वेळ त्यांना कुणाचंच तोंड दिसलं नाही. त्यांना बरं वाटलं.

व्हरांड्यात योगिनी मॅडमनी त्यांना गाठलंच. "सर, उद्या समताचं भाषण आहे. रंगांचा तेवढा भाग बदलायला हवा. मी दुपारी येऊ का घरी? अर्ध्या तासाचं काम आहे."

"हल्ली जुन्या सिनेमांत कम्प्युटरवर रंग भरतात," सर म्हणाले. "तुम्ही आणलेली प्रत तशी असंल."

"नाही सर, मी त्याची सगळी माहिती वाचली. रंग मूळचेच आहेत."

"तुम्ही इतिहास शिकवा, मॅडम. चित्रकला माझ्याकडं राहू द्या."

तिच्या हातात वायरीचं भेंडोळं होतं आणि ती ते उगाच घट्ट करत होती. "मग तिला दोन्ही सांगू द्या ना. तुम्ही पाहिलेला सिनेमा आणि हा. खरं तर तेच जास्त छान होईल."

"मी पाहिलेला म्हणजे? सिनेमे काय दोन असतात?"

"कधी कधी असतात, सर," ती म्हणाली. त्यांनी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. टोमणा असता तर त्यांनी परतवला असता, त्यांची जीभ त्यासाठी गावात प्रसिद्ध होती. पण ती खरंच भलं चिंतत होती, आणि भलं चिंतणाऱ्या माणसाला मारायला जागा नसते. ते जिना उतरले. गेटपाशी आठवीची चारपाच पोरं उभी होती. ती एकदम गप्प झाली आणि नको इतक्या मोठ्यानं "नमस्ते सर" म्हणाली.

घरी पुष्पांजली, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापत होती. ती साखरखेर्ड्याची, बोलायला सरळ. तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, "शेजारचं पोरगं म्हणायलंय, सरांचा सिनेमा पालटला म्हणून."

"काय पालटला? काही पालटला नाही."

"बरं. सिनेमाच हाय तो. कशाला तोंड पाडून बसायलात?"

"तुले काय कळते त्यातलं?"

"मला कळत नाही म्हणून तर बरी हाय," ती म्हणाली आणि दुसरी भाकर तव्यावर टाकली. त्यांनी ताट सारलं. सिनेमाच आहे. न्हाणीच्या भिंतीपासून आजपर्यंतचं सगळं, आणि ही म्हणते सिनेमाच आहे. समता खाटेवर बसून गणवेशाच्या रिबिनी गुंडाळत होती. घरी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तिचं ते न बोलणं खोलीत चौथ्या माणसासारखं बसलं होतं. मग त्यांच्या डोक्यात आलं, की या जगात अजून एक साक्षीदार जिवंत आहे. त्यांनी वडनेरला आईला फोन लावला. फोनचा कानाकडचा आवाज महिन्यापासून गेला होता म्हणून तो स्पीकरवर टाकावा लागायचा. आत जाऊन बोलावं हे त्यांना सुचलं नाही. उत्तर काय येणार याची त्यांना खात्री होती.

"काऊन रे, आज दुपारचा फोन? सगळे बरे हायेत ना?" जनकाबाईंचा आवाज आला.

"हाव माय, बरे आहेत. मले एक सांग. बाबानं गणपतीत टीव्ही आणला होता, सोसायटीच्या गोदामात. तो कलर होता ना?"

"कायचा कलर बे!" जनकाबाई हसायला लागल्या. "काया-पांढरा होता थो. कलरचं भाडं कोठून देत मंडयवाले? तुह्या बापानं त्याले समोरून पल्याष्टिकचा कागद लावेल होता. वर निया, मंदात गुलाबी अन खाली हिरवा. नांदुऱ्याच्या बाजारातून आणला होता. चारी कोपऱ्याले मीच तर पीठ लावून चिकटवला. लोकाईले सांगे, कलर हाय म्हणून. सारं गाव फसलं." त्या पुन्हा हसल्या. "तू लहान होता. तुले काय समजते? काऊन, काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले. "जेवली का?"

फोन ठेवल्यावर खोलीत तव्यावरच्या भाकरीचा फुगण्याचा आवाज तेवढा राहिला. पुष्पांजली पाठ करून उभी होती आणि तिची पाठ हलत नव्हती, म्हणजे ती ऐकत होती. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर लावायचे तसले निळ्या-गुलाबी-हिरव्या पट्ट्यांचे कागद त्यांना माहीत नव्हते असं थोडंच होतं? अकोल्याच्या रस्त्यावर दुकानाबाहेर टांगलेले, शेगावच्या जत्रेत पुंगळ्या करून विकायला ठेवलेले, एका मामाच्या घरी तर टीव्हीवर लावलेला. बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं झालेलं पाहून ते स्वतः हसले होते. लोक कसे स्वतःला फसवून घेतात, असं म्हणाले होते. पण तो कागद आणि ती दुपार या दोन गोष्टी त्यांनी कधी एकमेकींवर ठेवून पाहिल्या नव्हत्या. की ठेवायच्या नव्हत्या? वर्गात ते सांगत, वर गार रंग, मध्ये तापलेला, खाली ओला, माणूस काढायचा तर असा काढा. असा काढणाऱ्यांना पैकीच्या पैकी. आणि न काढणाऱ्यांना? हरिओम म्हणून एक पोरगा होता, पंचवीसेक वर्षांपूर्वीचा. 'माझ्या घरातला प्रसंग' काढा म्हटल्यावर त्यानं आजीची अंत्ययात्रा काढली होती. माणसं, बांबू, तिरडी, सगळं पेन्सिलीनं, आणि आजीच्या जागी काहीच नाही, कोरा कागद सोडलेला. सरांनी तो वर्गासमोर धरला आणि म्हणाले, हे पाहा, यांची आजी रंगवायची राहून गेली. वर्ग पोट धरून हसला होता. हरिओम हसला नव्हता. तो आता जालन्याला काहीतरी करतो. आज सकाळी ती मुलगी 'रंगवणं बंद करील' म्हणाली तेव्हा ज्यानं त्यांना भिंतीपासून पुढे ओढलं होतं ते हेच होतं का? त्यांना ते तपासायचं नव्हतं. त्यांना कुणावर तरी चिडायचं होतं. बाप मरून अकरा वर्षं झाली होती. आई म्हातारी. योगिनी मॅडमला काही म्हणायची सोय नव्हती. समोर खाटेवर समता होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"भाषण म्हण," ते म्हणाले.

समता उठून भिंतीशी उभी राहिली. सुरुवात तिनं नीट म्हटली, गोष्ट नीट म्हटली. 'दिग्दर्शकानं जगाचे तीन थर केले आहेत' या वाक्यापाशी थांबली.

"पप्पा, आजी तर म्हणाली..."

"भाषण म्हण."

"पण ते खोटं आहे."

"तालुक्याले बोलली तेव्हा खरं होतं, अन आठ दिवसांत खोटं झालं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मग परीक्षकांले तरी कुठं माहीत आहे?" ते म्हणाले.

आपण हे मोठ्यानं म्हणालो याचं त्यांनाच नवल वाटलं. अजूनही वेळ होती. हसून म्हणता आलं असतं, की चल, तुझा बाप बारा वर्षांचा असताना कसा फसला ते सांग लोकांना. तेच उत्तम भाषण झालं असतं, त्यांना मास्तर म्हणून ते स्पष्ट दिसत होतं. पण ते आधी योगिनी मॅडमनी सुचवलं होतं. "एकही शब्द बदलला तर याद राख," ते म्हणाले. "शब्द माझे आहेत." समतानं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि न थांबता शेवटपर्यंत म्हटलं. 'मातीनं तिला परत घेतलं' म्हणताना डावा हात खाली नेला. इतकं बिनचूक ती याआधी कधीच बोलली नव्हती.

रविवारी सकाळी चिखलीमार्गे ते बुलढाण्याला पोचले. वाटेत सर बोलत राहिले, श्वास कुठे घ्यायचा, नजर कुठे ठेवायची. समता "हो" म्हणत राहिली. सभागृहात पंखे जोरात फिरत होते आणि प्रत्येक स्पर्धकाच्या हातातला कागद फडफडत होता. समताकडे कागद नव्हता. तिचा अकरावा नंबर. सर मार्गदर्शक शिक्षकांसाठी राखलेल्या रांगेत बसले. ती बोलू लागली आणि सभागृह हळूहळू शांत झालं. रंगारीण निळ्यात उडाली, गुलाबीत जखमी झाली, हिरव्यात पडली, आणि सरांना, सगळं माहीत असूनही, गोदामातली ती दुपार पुन्हा दिसली, खताचा वास आला, डोळे ओले झाले. एवढं सुंदर खोटं कसं असेल? टाळ्या पडल्या. मग तीन परीक्षकांपैकी मधल्या बाईंनी माइक ओढला. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त झालेल्या.

"बाळ, फार छान बोललीस. एकच विचारते. हा सिनेमा मी पूर्वी पाहिलाय. मला ती बाई पांढऱ्या कपड्यांत आठवते. शेवटी लाल. तुझ्या भाषणात हे रंग कसे आले नाहीत?"

पंख्यांचा आवाज एकदम मोठा झाला. समतानं वडिलांकडे बघितलं नाही. ती परीक्षक बाईंकडेच बघत होती.

"नाही, मॅडम. निळी होती."

"तू स्वतः पाहिलास?"

"हो. कालच पाहिला. शाळेत."

"असं?" बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. त्यांच्या आवाजात चूक पकडल्याचा आनंद नव्हता, त्या खरोखरच आठवत होत्या. "मग माझाच घोटाळा होत असेल. वय झालं. चाळीस वर्षं झाली असतील पाहून. हिचे मार्गदर्शक शिक्षक आहेत का इथं? सर, तुम्ही सांगा, मी चुकतेय का?"

सर उभे राहिले. सभागृहानं माना वळवल्या, आणि कालचं ते बघणं पुन्हा त्यांच्या मानेवर आलं. फक्त आज त्यात हसू नव्हतं, आदर होता. मंचावर समतानं आता पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, विनंती नव्हती. एखाद्या मोठ्या माणसानं दुसऱ्याकडे बघावं तशी ती वाट बघत होती. त्या बाई बिचाऱ्या स्वतःच्या आठवणीवर संशय घेत उभ्या जगासमोर बसल्या होत्या. एक वाक्य पुरे होतं. मॅडम, तुमचं बरोबर आहे, चूक माझी. ते वाक्य त्यांच्या तोंडापर्यंत आलं, दातांना लागलं.

"तिचं बरोबर आहे," ते म्हणाले.

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी खोडलं. "शाबास, बाळ. बस."

समता मंचावरून उतरली. तिची जागा सरांच्या शेजारी होती. ती त्या रांगेपाशी आली, रांग ओलांडून पुढे गेली, मागच्या दारातून बाहेर गेली. सर चपला शोधत मागे धावले. "निकाल लागायचा आहे अजून. नंबर येईल तुहा, थांब." ती थांबली नाही. भर उन्हात बसस्टँडपर्यंतचा रस्ता तिनं त्यांच्या दहा पावलं पुढे राहून कापला, आणि त्यांनी पावलं लांब टाकली की तीही टाकत होती. देऊळगाव राजाची गाडी लागलेलीच होती. ती आधी चढली.

सर चढले तोवर गाडी भरली होती. चौथ्या बाकावर खिडकीशी समता बसली होती आणि शेजारच्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवली होती. ते तिथं जाऊन उभे राहिले. "सरक," ते म्हणाले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मागून कंडक्टर आला. "ओ ताई, पिशवी घ्या मांडीवर. सरांले बसू द्या."

समतानं वळून कंडक्टरकडे बघितलं. तिचा आवाज स्वच्छ होता, शब्द न शब्द वेगळा, सभागृहात होता अगदी तसा.

"इथं माणूस आहे," ती म्हणाली. "खाली पाणी प्यायला उतरलाय. येतोय."

कंडक्टरनं सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली आणि वरचा दांडा धरला. गाडी सुटली, स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली, चिखलीच्या रस्त्याला लागली. समतानं पिशवी स्वतःकडे ओढून नीट उभी केली, आणि तिच्यावर हात ठेवून ती समोर बघत बसली.